वासाचीं तेलें आणि धान्याची कीड

सुगीनंतर धान्य कणगींत भरतांना तळाशीं व थराथरांतून कडुनिंबाचा पाला, निर्गुडीच्या डहाळ्या किंवा वेखंडाचे तुकडे घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कपड्यांच्या गांठोड्यांत कापूर ठेवण्याची रीतहि त्याच जातीची. अशा चालींसंबंधानें दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कांहीं जण त्यांस भोळी समजूत म्हणून सोडून देतात; दुसरे कांहीं, झाडापासून निघालेलें औषध तें गुणकारीच असणार असें धरून, "वनस्पतिजन्य" अशा चिठ्ठीची जी बाटली बाजारांत येईल ती विकत घेतात. नुकसान दोघांचेंहि होतें. पहिल्याच्या हातून एक उपयुक्त साधन सुटतें, व दुसऱ्याचें धान्यहि जातें आणि पैसाहि जातो. सबब वासाच्या वनस्पतींच्या अंगीं कीड मारण्याचा जो गुण आहे तो कशांत आहे, किती आहे व कोठें चालतो, याचा विचार येथें करावयाचा आहे.

तेलांच्या दोन जाती

तेल हा एकच शब्द आपण दोन अगदीं भिन्न पदार्थांस लावतों. भुईमूग, करडई, एरंडी, करंज व निंबोळी यांचें तेल घाण्यांतून पिळून निघतें. तें जड व चिकट असून उन्हांत ठेवलें तरी उडून जात नाहीं. यास स्थिर तेल म्हणावें. गवती चहा, रोशा गवत, निलगिरी, ओवा, लवंग यांच्या वासाचें तेल घाण्यानें निघत नाहीं. माल भट्टीवरील भांड्यांत घालून त्यांतून पाण्याची वाफ जाऊं द्यावी लागते. ती वाफ थंड केली म्हणजे पाण्याबरोबर तेल खालीं उतरतें व बहुधा पाण्यावर तरंगतें. लवंगेचें तेल मात्र पाण्याहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें. हें उडनशील तेल होय. दोहोंची परीक्षा सोपी आहे. कोऱ्या कागदावर एकेक थेंब टाकून कागद उन्हांत ठेवावा. स्थिर तेलाचा डाग कायम राहतो. उडनशील तेलाचा डाग कांहीं वेळानें बहुतेक नाहींसा होतो. विकत घेतलेल्या वासाच्या तेलानें कागदावर तुपकट डाग ठेवला, तर त्यांत स्वस्त स्थिर तेलाची भेसळ असल्याची शंका घेण्यास हरकत नाहीं.

हा भेद ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे, कारण कडुनिंबाचा दाखला देऊन सर्व वनस्पतिजन्य औषधांची तरफदारी करण्यांत येते. निंबोळींतील मुख्य कीटकनाशक द्रव्य ॲझाडिरॅक्टिन हें वासाचें द्रव्य नव्हे. तें उडून जात नाहीं, किडीची भूक मोडतें व तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतें. निंबोळीअर्काच्या अनुभवावरून लवंगेच्या किंवा सिट्रोनेलाच्या तेलाविषयीं अनुमान काढणें म्हणजे बैलाच्या दातांवरून घोड्याचें वय सांगण्यासारखें आहे.

वासाच्या तेलाची रासायनिक घटना

उडनशील तेल हा एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचें मिश्रण असतें. कित्येक तेलांत पन्नासांहून अधिक घटक सांपडतात. परंतु बहुधा दोन-तीन घटकांचाच वांटा मोठा असतो व तेलाचा वास आणि गुण मुख्यत्वें त्यांवरच अवलंबून असतात. यांपैकीं बहुतेक घटक टर्पीन वर्गांतील आहेत. पांच कार्बन-अणूंच्या एका लहान सांगाड्याचे दोन तुकडे जोडले म्हणजे दहा कार्बनांचीं टर्पीनें होतात, व तीन जोडले म्हणजे पंधरा कार्बनांचीं जड टर्पीनें होतात. दहा कार्बनांचीं द्रव्यें हलकीं, म्हणून लवकर उडतात. पंधरांचीं सावकाश उडतात. वाळ्याचा वास महिनोगणती टिकतो व संत्र्याच्या सालीचा तासाभरांत जातो, याचें कारण हेंच. लवंगेंतील युजेनॉल व वेखंडांतील ॲसरोन यांची घडण निराळी असून तीं वेगळ्या वर्गांत पडतात. टर्पीनांची ही गुंतागुंत प्रथम उलगडून दाखविणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांस १९१० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक गोष्ट मौजेची आहे. कापूर आणि गवती चहांतील सिट्राल यांच्या रेणूंत अणूंची संख्या तंतोतंत सारखी आहे: कार्बन १०, हायड्रोजन १६ व ऑक्सिजन १. परंतु त्यांची मांडणी निराळी असल्यामुळें एक पांढरा घन पदार्थ आहे व दुसरा लिंबाच्या वासाचा द्रव आहे. कीटकांवरील परिणामहि अर्थात् निराळा. म्हणून "टर्पीनयुक्त" एवढ्या शब्दावरून कांहींच समजत नाहीं. कोणतें टर्पीन हें विचारलें पाहिजे.

आपल्या परिचयाच्या कांहीं वनस्पतींच्या तेलांतील मुख्य घटक व त्यांचें साधारण शेंकडा प्रमाण पुढें दिलें आहे.

रोशा गवत (तिखाडी) — जिरॅनिऑल, ७५ ते ८५
गवती चहा — सिट्राल, ७० ते ८५
जावा सिट्रोनेला — सिट्रोनेलाल, ३० ते ४५, शिवाय जिरॅनिऑल
लवंग — युजेनॉल, ७० ते ९०
ओवा — थायमॉल, ३५ ते ६०
निलगिरी (ग्लोब्युलस जात) — सिनिऑल, ६० ते ८५
मोसंबीची साल — लिमोनीन, ९० हून अधिक
वेखंड (भारतांतील बरेच वाण) — बीटा-ॲसरोन, ७० हून अधिक

हे आंकडे कायमचे नव्हत. वाण, जमीन, कापणीची वेळ, वाळवण व भट्टीची रीत यांनुसार ते बदलतात. तुळशीचींच उदाहरणें घ्यावीं: कांहींच्या तेलांत युजेनॉल जास्त, तर कांहींच्या तेलांत मिथिल-युजेनॉल जास्त, आणि या दोहोंचे गुण एक नाहींत. पूर्वीं तेलाची पारख नाक, वजन व प्रकाशाचें वक्रीभवन यांवरून करीत. जेम्स व मार्टिन यांनीं १९५२ सालीं वायु-वर्णलेखनाची रीत प्रसिद्ध केल्यापासून प्रत्येक घटक वेगळा करून मोजतां येऊं लागला. आजचा खरा व्यापारी आपल्या तेलाच्या घटकांचा दाखला देऊं शकतो. जो देत नाहीं त्याच्या मालाबद्दल सावध असावें.

गुण झाडाच्या नांवांत नसून घटकांत असतो, ही गोष्ट व्यापाऱ्यांस फार पूर्वीं कळली होती. खानदेशच्या रानांतील रोशा गवताचें तेल मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या वाटेनें कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जात असे, व पुढें गुलाबाच्या अत्तरांत भेसळीसाठीं त्याचा उपयोग होई. कारण गुलाबाच्या अत्तरांतहि जिरॅनिऑल असतें. नाकास जें फसवितें तें किडीसहि तसेंच लागू पडतें कीं काय, हें मात्र प्रयोगानेंच ठरवावें लागतें.

किडीवर परिणाम कसा होतो

हीं तेलें किड्यावर तीन वाटांनीं चालतात. पहिली वाट स्पर्शाची. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. तो त्याच्या शरीरांतील पाणी जपतो. लिमोनीनासारखीं द्रव्यें त्या मेणांत मिसळून आंत शिरतात. दुसरी वाट श्वासाची. किड्यास फुप्फुसें नसतात. अंगाच्या बाजूंस असलेल्या बारीक छिद्रांतून हवा थेट आंत जाते व तिच्याबरोबर तेलाची वाफहि जाते. तिसरी वाट वासाची. मादी आपल्या मिशांनीं धान्याचा वास ओळखून अंडीं घालावयास येते. दुसरा उग्र वास दाटला म्हणजे ती गोंधळते किंवा दूर जाते.

आंत शिरल्यावर कित्येक द्रव्यें मज्जातंतूंच्या कामांत बिघाड करतात. किड्याच्या शरीरांत ऑक्टोपामिन नांवाचें एक द्रव्य आहे. आपल्या शरीरांत ॲड्रेनॅलिन जें काम करतें, त्याच धर्तीचें काम किड्यांत तें करतें. युजेनॉलासारखीं द्रव्यें त्याच्या कार्यांत ढवळाढवळ करतात असें प्रयोगांत दिसून आलें आहे. सस्तन प्राण्यांत ऑक्टोपामिनाचें महत्त्व अल्प असल्यामुळें, किड्यास मारक अशी मात्रा माणसास बहुधा तितकी बाधत नाहीं. थायमॉल मज्जातंतूंस शांत करणाऱ्या दुसऱ्या एका यंत्रणेवर चालतें. एका तेलांत अनेक द्रव्यें अनेक ठिकाणीं काम करीत असल्यामुळें अशा औषधास कीड लवकर निर्ढावणार नाहीं अशी अपेक्षा आहे. साठवणीच्या धान्यांतील किडी फॉस्फीन वायूस जगांत ठिकठिकाणीं निर्ढावल्या आहेत, व मिथिल ब्रोमाइड ओझोनच्या थरास घातक ठरल्यानें १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें त्याचा सामान्य उपयोग बंद करण्यांत आला. वासाच्या तेलांकडे शास्त्रज्ञांचें लक्ष पुन्हां वळलें आहे, त्याचें हें एक मोठें कारण होय.

एकच गोष्ट, तीच गुण व तीच दोष

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वासाचें तेल उडून जातें म्हणूनच तें दाण्यांच्या फटींत पोहोंचतें व किड्याच्या श्वासांत शिरतें. आणि उडून जातें म्हणूनच तें टिकत नाहीं. यावरून एक साधा नियम निघतो: जेथें वाफ कोंडून राहील तेथें हें तेल काम करील, जेथें वारा खेळतो तेथें तें फार वेळ करणार नाहीं.

या नियमाचा चांगला दाखला मधमाशांच्या पेट्यांत मिळतो. विलायती जातीच्या मधमाशांस व्हॅरोआ नांवाच्या गोचिडीसारख्या कोळ्याचा उपद्रव होतो. त्यावर अनेक देशांतील मधुपाल थायमॉल वापरतात. पेटी लहान व बंदिस्त, आंत ऊब कायम, त्यामुळें वाफ हळूहळू पसरते. कोळी मरतो व योग्य मात्रेंत माशी वांचते. तेंच थायमॉल कपाशीच्या शेतांत फवारलें तर बोंडांत शिरलेल्या अळीपर्यंत तें पोहोंचणार नाहीं, आणि वैशाखाच्या उन्हांत पानांवर कांहीं तासांपेक्षां अधिक टिकणारहि नाहीं. मावा, फुलकिडे, लाल कोळी अशा मऊ अंगाच्या किडींवर प्रत्यक्ष पडलेला फवारा परिणाम करतो हें खरें. हरितगृहांत त्याचा उपयोगहि होतो. परंतु तो वारंवार द्यावा लागतो, व मात्रा थोडी वाढली कीं पान करपतें. लवंगेचें तेल तर परदेशांत तण जाळण्यासाठीं विकलें जातें, हें पिकावर फवारण्यापूर्वीं आठवावें.

कणगींतील पाल्याचा हिशेब

मग कणगींतील पाल्याचें काय? येथें थोडें गणित केलें पाहिजे. प्रयोगशाळांतून एक लिटर जागेस कांहीं मायक्रोलिटरांपासून कांहीं शें मायक्रोलिटरांपर्यंत तेल लागल्याचें आढळतें. मध्यम म्हणून लिटरास दोन थेंब, म्हणजे सुमारें १०० मायक्रोलिटर धरूं. हजार लिटरांच्या कोठीस १०० मिलिलिटर तेल लागलें. हिरव्या गवती चहांत तेलाचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतें. म्हणजे तेवढ्या तेलासाठीं सुमारें १८ किलो गवत पाहिजे. आपण घालतों पाव किलो पाला. त्यांत तेल सव्वा ग्रॅम, व वाळतां वाळतां त्यांतलेंहि कांहीं उडून गेलेलें. शिवाय हे आंकडे रिकाम्या भांड्यांतील आहेत. धान्य भरलेलें असलें म्हणजे दाणे वाफ शोषून घेतात व मात्रा कित्येक पट वाढवावी लागते. त्यांत पुन्हां कुडाची, शेणामातीनें लिंपलेली कणगी वरून उघडी!

म्हणून मूठभर पाल्यानें कणगीभर धान्य राखलें जातें हें मानतां येत नाहीं. परंतु तोच पाला शेरभर बियाण्याच्या घट्ट तोंडाच्या मडक्यांत किंवा डब्यांत घातला तर त्याचें प्रमाण कणगीच्या मानानें कितीतरी अधिक पडतें व वाफहि कोंडते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका बियाणें लहान मडक्यांत, तोंड लिंपून ठेवीत, त्यांतलें मर्म हें आहे. चाल खोटी नव्हती. ती लहान मडक्यावरून मोठ्या कणगीवर नेतांना मात्र हिशेब सुटला.

कडधान्यास एरंडेल किंवा गोडें तेल चोळण्याची चालहि येथें सांगितली पाहिजे, कारण ती स्थिर तेलाची आहे. कडधान्यांतील भुंगेऱ्याची मादी अंडीं दाण्याच्या सालीवर बाहेरून चिकटविते. तेलाचा पातळ लेप बसला कीं अंड्यास हवा मिळत नाहीं व तें गुदमरतें. किलोस ५ ते १० मिलिलिटर तेल पुरतें, व तें महिनोगणती टिकतें. गहूं व तांदूळ यांतील सोंडा मात्र दाण्यास भोंक पाडून अंडें आंत घालतो व वरून चिकट बूच बसवतो. म्हणून तेथें हा उपाय तितका लागू पडत नाहीं. किडीची राहणी ओळखून उपाय योजावा तो असा.

फळमाशीचा उलटा प्रकार

एकाच तेलानें एक कीड पळते व दुसरी धांवत येते, असेंहि घडतें. बिहारांतील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन संस्थेंत हॉवलेट नांवाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डासांस पळवून लावणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर ओढले जातात, असें त्यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलें. हें ओढून घेणारें द्रव्य मिथिल-युजेनॉल होय हा शोध त्यांनीं १९१५ सालीं पुढें मांडला. आज आंब्याच्या बागांत जे फळमाशीचे सांपळे टांगतात, त्यांतील आमिष हेंच. येथें तेल किडीस मारीत नाहीं, फक्त बोलावतें. सांपळ्यांत अगदीं थोडें द्रव्य पुरतें व फळावर कांहींहि फवारावें लागत नाहीं. नर संपल्यानें माद्या फळल्या नाहींत म्हणजे पुढची पिढी कमी होते. उघड्या बागेंत वासाच्या तेलाचा खरोखर किफायतशीर असा हा उपयोग आहे.

घरच्या घरीं परीक्षा

कोणाच्याहि सांगण्यावर न जातां प्रत्येकानें ही परीक्षा स्वतः करून पाहावी. एक लिटरच्या चार कांचेच्या बरण्या घ्याव्या. प्रत्येकींत निम्म्यापर्यंत स्वच्छ, वाळलेले मूग भरून कीड लागलेल्या मुगांतले वीस-वीस जिवंत भुंगेरे सोडावे. पहिल्या व तिसऱ्या बरणींत लवंगेच्या अगर गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब टाकलेला कापूस पातळ कापडाच्या पुरचुंडींत बांधून, दाण्यांस न लागेल असा टांगावा. दुसऱ्या व चौथ्या बरणींत कोरा कापूस टांगावा. पहिल्या दोहोंस घट्ट झांकण लावावें, पुढल्या दोहोंस फक्त फडकें बांधावें. तिसऱ्या दिवशीं प्रत्येक बरणींतील जिवंत व मेलेले भुंगेरे मोजून पुन्हां पूर्वींप्रमाणें बंद करावें. चाळीस दिवसांनीं प्रत्येकींतून शंभर दाणे काढून भोंकें पडलेले मोजावे, व दुसरे शंभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून किती उगवतात तें पाहावें.

चार बरण्या कशाला, असें कोणी विचारील. झांकणाची पण तेल नसलेली बरणी ठेवली नाहीं, तर किडे तेलानें मेले कीं कोंडल्यानें, हें कळणार नाहीं. फडक्याची बरणी नसली, तर वाफ कोंडण्याचें महत्त्व समजणार नाहीं. आणि उगवण पाहिली नाहीं, तर कीड मेली पण बियाणेंहि मेलें, असा प्रकार पेरणीनंतर उघडकीस येईल. ही भीति पोकळ नाहीं. शहाजिऱ्यांतील कार्व्होन नांवाचें द्रव्य हॉलंडांत बटाट्यास कोंब फुटूं नयेत म्हणून वापरण्यांत आलें आहे. सिट्राल व सिनिऑल हींहि उगवणीस अडथळा करूं शकतात.

सावधगिरीच्या गोष्टी

झाडापासून निघालेलें तें निरुपद्रवी, हा समज सोडून द्यावा. तंबाखूंतील निकोटिनहि झाडाचेंच आहे. वेखंडांतील बीटा-ॲसरोनानें किड्यांची प्रजोत्पत्ति बंद पडते, परंतु त्यानेंच उंदरांस कर्करोग झाल्याचें आढळल्यावरून अमेरिकेंत १९६८ सालापासून वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास मनाई आहे. म्हणून वेखंडाची पूड खाण्याच्या धान्यांत मिसळूं नये. युजेनॉल माशांस भूल देण्यासाठीं वापरतात. तेव्हां तेलाचीं भांडीं विहिरीवर किंवा तळ्याच्या कांठीं धुऊं नयेत. शुद्ध तेल कातडीस व डोळ्यांस झोंबतें, मुलांच्या पोटांत गेल्यास अपाय करतें, व लवकर पेटतें. खाण्याच्या धान्यास तेलाचा वास लागतो तो भाकरींतहि उतरतो. दळण्यापूर्वीं धान्य वाऱ्यावर पसरावें.

विकतची बाटली घेतांना चिठ्ठी वाचावी. कीटकनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालास १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं नोंदणी लागते. नोंदणीचा क्रमांक, क्रियाशील घटकाचें नांव व शेंकडा प्रमाण, कोणत्या पिकावरील कोणत्या किडीसाठीं, व मुदत केव्हां संपते, हें सर्व चिठ्ठीवर असलें पाहिजे. "सर्व किडींवर रामबाण" एवढेंच लिहिलेलें असेल तर ती बाटली दुकानदाराच्या फळीवरच राहूं द्यावी. अमेरिकेंत लवंग, गवती चहा, सिट्रोनेला वगैरे तेलांस १९९६ सालापासून नोंदणींतून सूट आहे, असें विक्रेते सांगतात. तें खरें आहे, पण त्या सुटीचा अर्थ धोका कमी असा आहे. गुण सिद्ध झाला असा नाहीं.

तात्पर्य

धान्य राखण्याचा पाया वाळवण व स्वच्छता हाच आहे. धान्य कडक उन्हांत वाळवावें, थंड करून भरावें, कोठीच्या फटींतील जुने दाणे व किडे आधीं झाडून काढावे, व शक्य तेथें हवाबंद कोठी अगर पिशवी वापरावी. हें न करितां वासाच्या तेलावर भिस्त ठेवणें व्यर्थ आहे. हें केल्यावर मात्र बियाण्याचा डबा, कडधान्याची लहान बरणी, मधमाशांची पेटी, आंब्याच्या बागेंतील सांपळा, या ठिकाणीं वासाचीं तेलें आपलें काम चोख बजावतात. उघड्या शेतांत व भरल्या कणगींत त्यांच्याकडून तेंच काम मागूं नये. कोणतें द्रव्य, किती मात्रेंत व किती बंद जागेंत, हे तीन प्रश्न विचारून जो शेतकरी पैसे खर्च करील, त्याचें धान्य व पैसा दोन्ही सुरक्षित राहतील.